पागेतलं पाणी

पहाटेचे चार वाजले आहेत. साल १९१२. तुम्ही कोल्हापूरच्या राजवाड्याच्या पागेत उभे आहात आणि अजून तुम्हाला नीटसं काही दिसत नाही. वास मात्र येतोय. लिदीचा, भिजत घातलेल्या हरभऱ्याचा, खोगिराच्या चामड्याला चोळलेल्या तेलाचा. अंधारात एक घोडा फुरफुरतो, साखळी वाजते. खांबावरच्या कंदिलाखाली कारकून बसलाय, मांडीवर वही. मान वर न करता तो विचारतो.

"नाव?"

तुम्ही सांगता.

"गाव?"

कागल म्हणा, आजरा म्हणा, गडहिंग्लज म्हणा. तो लिहून घेतो.

"कुणापैकी?"

आता त्यानं मान वर केली आहे.

या प्रश्नाचं उत्तर मी तुमच्या तोंडी घालणार नाही. ते मनातल्या मनात ठरवा आणि दिवसभर लक्षात ठेवा. कुठल्या हौदातलं पाणी प्यायचं, भाकरी कुठल्या दाराशी घ्यायची, कुठल्या वस्तूला हात लावायचा आणि कुठल्या नाही, हे सगळं त्या एका शब्दावर ठरणार आहे. तुम्ही कष्टाळू आहात का, जनावर तुम्हाला कळतं का, हे कारकुनानं विचारलेलंच नाही.

तेवढ्यात एक म्हातारा मोतद्दार तुमचा दंड धरतो. सगळी हयात घोड्यांच्या पायांशी काढलेला माणूस. पाय किंचित फेंगडे, आवाज घोगरा.

"हिकडं ये. आन् जनावराच्या मागनं नगं जाऊस लेका, लाथ घालंल. म्होरनं जायचं, आदी आवाज द्यायचा, मग हात लावायचा."

तुम्ही आवाज देता. घोड्याचे कान तुमच्याकडे वळतात. मग म्हातारा तुमच्या हातात खरारा देतो आणि काम सुरू होतं. मानेपासून पाठीकडे, पाठीवरून पुठ्ठ्याकडे, केसांच्या ओढीनं, अंगातला सगळा जोर लावून. मळ निघतो, धूळ उडते, तुमच्या नाकातोंडात जाते. एका घोड्याला खरारा होईस्तोवर तुमचे खांदे भरून येतात आणि दावणीला अजून रांग उभी आहे. मग खूर उचलून त्यातले खडे काढायचे, नाल सैल झालाय का बघायचा, झाला असेल तर नालबंदाला सांगायचं. मग चंदी. भिजवलेला हरभरा तोबऱ्यात भरून घोड्याच्या तोंडाला अडकवायचा. मोजून. चंदी कमी पडली तर घोडं वाळतं आणि जास्त झाली तर पोटात दुखून मरतं. दोन्ही वेळा जाब मोतद्दारालाच विचारतात. त्याचं स्वतःचं पोट भरलंय का, ही चौकशी वहीत कुठंच नाही.

उजाडेपर्यंत तुम्हाला कळलेलं असतं की राजवाडा हा एकटा वाडा नाही. तो कारखान्यांचा गाव आहे. मराठ्यांच्या राज्यकारभारात अठरा कारखाने आणि बारा महाल ही घडण शिवकाळापासून चालत आली, आणि संस्थानी काळात तिची कितीतरी नावं कोल्हापुरात रुळलेली होती. हत्तींचा पीलखाना, स्वयंपाकाचा मुदपाकखाना, गालिचे आणि तंबू सांभाळणारा फरासखाना, कपडे-जवाहिरांचा जामदारखाना, हत्यारांचा शिलेखाना, पिण्याच्या पाण्याचा आबदारखाना, चौघडा वाजवणारा नगारखाना. प्रत्येक खान्याची माणसं ठरलेली. हुजरे, खिजमतगार, भालदार, चोपदार, मशालजी, पखालजी, फरास, आचारी, माहूत, परीट, शिंपी. बाप जे काम करायचा तेच बहुतेकदा पोराच्या हाती येई. बापानं पोराला मायेनं शिकवलेली कला अशी पिढ्यान्‌पिढ्या चालायची, आणि त्याच वेळी त्या पोरासमोरची बाकीची सगळी दारं बंद व्हायची. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

बाहेर आता नवा राजवाडा दिसू लागतो. काळ्या घडीव दगडाचा, मधोमध घड्याळाचा मनोरा. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकारानं तो आखला. १८७७ साली काम सुरू झालं आणि १८८४ मध्ये पुरं झालं. मँट मात्र ते बघायला उरला नाही, तो १८८१ मध्येच गेला. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही त्यानंच आखला. आत दरबार हॉल आहे, त्याच्या खिडक्यांच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. येणारे पाहुणे त्या काचांसमोर माना वर करून उभे राहतात. तुम्ही फरासखान्यात असता तर तुम्हाला त्या काचा वेगळ्याच कारणानं पाठ झाल्या असत्या. त्या पुसाव्या लागतात, आणि रंगीत काच पुसताना जोर कुठं लावायचा नाही हे बोटांना कळावं लागतं. दरबाराबद्दल एवढं पुरे. त्याच्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे.

"उठ, खडखडा जोडायचाय!"

म्हातारा ओरडतो आणि पागेत धावपळ उडते. खडखडा म्हणजे महाराजांची आवडती घोडागाडी. तिच्यात ऐश नाही. दणकट, खेड्यापाड्यांच्या वाटांवर न मोडणारी, नावाप्रमाणे खडखडणारी. घोडे जुंपले जातात, लगाम तपासले जातात. मग कोल्हापूरचे छत्रपती, शाहू महाराज येतात. तुम्ही फोटोत पाहिलेत त्याहून थोराड. पैलवानाचा देह, साधे कपडे. रांगेतला प्रत्येक जण कमरेत वाकून मुजरा करतो, तुम्हीही करता. ते गाडीवर चढतात आणि लगाम स्वतःच्या हातात घेतात. तुमच्या मोतद्दाराच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसतं ते भय नाही. घोडा कळणाऱ्या माणसाला घोडा कळणाऱ्या माणसाबद्दल वाटतं ते आहे.

गाडी निघून गेली. ऊन वर आलं. तुम्हाला तहान लागली आहे.

पहाटेचं उत्तर आता आठवा.

तुमचं उत्तर मराठा असेल, तर पागेतल्या हौदाशी जा, ओंजळ भरा, तोंडावर पाणी मारा, पोटभर प्या. तुमच्याकडे कुणी वळूनही बघणार नाही. इतकं साधं की संध्याकाळी विचारलं तर तुम्हाला आठवणारही नाही की सकाळी तुम्ही पाणी प्यालात.

तुमचं उत्तर महार किंवा मांग असेल, तर तिथंच थांबा. काम तेच, पहाटेपासूनचं. हाताला लिदीचा वास तोच. ज्या घोड्याला तुम्ही पाणी दाखवलं तो घोडा हौदात तोंड घालून पितो आहे. तुम्ही नाही प्यायचं. कुणाची तरी वाट बघायची, तो वरून ओतेल, तुम्ही खाली ओंजळ धरायची. तो कामात असेल तर थांबायचं. तो विसरला तर आठवण करायची, पण आवाज चढवायचा नाही. आणि हे लक्षात घ्या की हा सनातनी जहागीरदाराचा वाडा नव्हे. १९०२ च्या २६ जुलैला मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखण्याचा हुकूम काढणाऱ्या राजाची ही पागा आहे. अस्पृश्य मुलांसाठी त्यानं चार वर्षांपूर्वी, १९०८ साली, मिस क्लार्क वसतिगृह उभं केलं आहे. वेदोक्त प्रकरणात स्वतः राजालाच शूद्र ठरवून वेदमंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र ऐकवले गेले, तेव्हा जातीचा अपमान काय असतो हे त्यानं अंगावर झेललं आहे. तरीही त्याच्याच पागेतल्या हौदाचा कायदा वेगळा आहे. हा कायदा कुणी लिहिलेला नाही. म्हणून तर हुकूम काढून तो लगेच रद्दही करता येत नाही.

इंग्लंडातल्या मोठ्या हवेल्यांतही नोकरांचे जिने वेगळे असायचे, कामाच्या खोल्या तळघरात असायच्या, मालकाच्या दृष्टीस पडू नये अशी त्यांची वाट आखलेली असायची. पण त्या घरात मोलकरणीनं भरलेलं पाणी मालक पीत असे, आणि नोकर-नोकरांत पायऱ्या असल्या तरी एकाच्या स्पर्शानं दुसऱ्याचं पाणी बाटत नसे. इथं मालक आणि नोकर यांच्यातली भिंत तर होतीच, नोकर आणि नोकर यांच्यातली भिंत तिच्याहून उंच होती.

दुपारच्या आधी मुदपाकखान्याकडे चला. लांबूनच कळेल. वाटणाचा वास रस्त्यापर्यंत येतोय. चुलींची रांग, त्यावर कल्हई केलेली तांब्याची पातेली, इतकी मोठी की एक आतून घासायला माणूस त्यात वाकून अर्धा गडप होतो. पाट्यावर बायका बसल्या आहेत. सुकं खोबरं, तीळ, खसखस, आलं-लसूण, कोथिंबीर. वरवंटा पुढं-मागं, पुढं-मागं, वाटण लोण्यासारखं होईपर्यंत. तिखट कांडणाऱ्या वेगळ्या, त्यांनी नाकाला पदर गुंडाळला आहे आणि तरी डोळे लाल आहेत. मटणाच्या अळणी पाण्याचा पांढरा रस्सा होतो, तिखटाचा तांबडा. कोल्हापूर आजही अभिमानानं सांगतं की हे रस्से राजघराण्याच्या आणि सरदारांच्या मुदपाकखान्यांतून गावात आले. आले असतील, तर ते चालत आले नाहीत. सणाला घरी गेलेल्या आचाऱ्यानं आपल्या बायकोला सांगितलं असेल, पाट्यावरच्या बाईनं शेजारणीला हातात चिमूट धरून प्रमाण दाखवलं असेल. तांबडा-पांढरा विकणाऱ्या हॉटेलांच्या पाट्यांवर यातल्या कुणाचंही नाव नाही.

तुमचा शिधा किंवा भाकरी इथूनच मिळणार. कुठल्या दाराशी, ते पहाटेच ठरलं आहे.

आतल्या बाजूला, राणीवशाकडे, तुम्हाला जाता येणार नाही. पुरुष असाल तर नाहीच. तिथल्या बायकांबद्दल मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं आणि त्यांच्याबद्दलच कागदावर सगळ्यात कमी उरलं आहे. राणीबरोबर माहेराहून आलेल्या दासी, दाया, न्हाऊ-माखू घालणाऱ्या, केस विंचरणाऱ्या, रात्री दाराबाहेर आडव्या होणाऱ्या. शाहू महाराजांच्या पत्नी लक्ष्मीबाई राणीसाहेब बडोद्याच्या खानविलकरांच्या. त्या लग्न होऊन कोल्हापुरात आल्या याची तारीख इतिहासात आहे. अशा लग्नांत नवरीच्या मागून मुलूख सोडून येणाऱ्या पोरींना मात्र माहेर आणि सासर एकाच दिवशी परकं होत असे, आणि त्या दिवसाची नोंद करावी असं कुणाला वाटलेलं नाही. मालकिणीला पडद्यात राहावं लागे. दासी पडद्याच्या आत-बाहेर करी, निरोप नेई-आणी. तिचं हे फिरणं बघून ती मोकळी होती असं कुणी समजू नये. तिला जाण्यासारखं दुसरं ठिकाण नव्हतं.

दुपारी ऊन तापलं की पागा थोडी निजते. पीलखाना निजत नाही.

हत्तीचं काम माहुताचं, पण त्याच्या जोडीला चाराकडबा आणणारा चरकट्या असतोच. माहूत हत्तीच्या मानेवर बसतो म्हणून लोकांना दिसतो. चरकट्या दिसत नाही. ऊस, कडबा, हिरवा पाला, जाड रोट. हत्तीचं पोट दिवसभर भरत राहावं लागतं आणि ते भरणारा माणूस दिवसभर वाहत राहतो. हत्ती मस्तीत आला की मात्र सगळे एकाच धोक्यात. कोल्हापुरात साठमारीचं मैदान आहे, आजही गावात त्या नावानं जागा ओळखतात. मस्तीतला हत्ती मैदानात सोडायचा आणि साठमारांनी पायी त्याला डिवचायचं, तो अंगावर आला की हत्तीला शिरता येणार नाही अशा अरुंद फटीतून दगडी बुरुजाआड पळायचं. प्रेक्षकांना थरार वाटे. तुम्ही मैदानात उभे राहून बघा. मातीतून हत्तीच्या पावलांचा हादरा तुमच्या टाचेत येतो, बुरुज दहा पावलांवर आहे आणि तुमच्या पुढचा साठमार घसरला आहे. तो उठतो, पळतो, वाचतो. लोक टाळ्या वाजवतात. त्याच्या घरी त्या वेळी चूल पेटलेली असते आणि बायको दाराकडं बघत असते, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना दिसत नाही. साठमाराला बक्षीस मिळे. ते घेताना त्याचा हात थरथरत असेल, असंच मला वाटतं.

आता वळा आणि दचकू नका. समोरून एक माणूस साखळीला चित्ता बांधून चालत येतो आहे.

कोल्हापूर चित्त्यांच्या शिकारीसाठी नावाजलेलं संस्थान होतं. इथली चित्ते सांभाळणारी घराणी जे शिकली होती ते आज या देशात फार थोड्यांना ठाऊक असेल. चित्ता पिल्लू असताना धरून उपयोग नसतो, कारण शिकार करायला त्याला आईनं शिकवावं लागतं. म्हणून वाढलेला चित्ता धरायचा. मग त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बाजेवर बांधायचं आणि माणसांची सवय लावायची. दिवसेंदिवस त्याच्याजवळ बसायचं, बोलत राहायचं, बायकापोरांचा गलका त्याच्या कानांवर पडू द्यायचा, रात्री त्याच्याशेजारीच निजायचं. हळूहळू तो भिऊन गुरगुरायचा थांबतो. मग त्याला गावातून फिरवायचं. शिकारीच्या दिवशी त्याला गाडीवरून माळावर न्यायचं, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढायची. पुढचं सगळं काही क्षणांत होतं. चित्त्यानं काळवीट पाडलं की धावत जाऊन, मानेवरचे त्याचे दात सुटेपर्यंत, पळीतून रक्त किंवा मांसाचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरायचा आणि पुन्हा टोपी चढवायची. पाहुण्या साहेबांच्या आठवणींत चित्त्याची झेप येते. त्याच्या तोंडाशी हात नेणारा माणूस येतो तो एखाद्या शब्दापुरता. पुढं हिंदुस्थानातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरनं आफ्रिकेतून चित्ते आणवले आणि याच माणसांनी त्यांनाही माणसाळवलं. १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं सरकारनं जाहीर केलं. एक प्राणी गेला असं आपण म्हणतो, पण त्याच्या शेजारी रात्री निजण्याची विद्याही त्याच सुमारास गेली.

दसरा जवळ आला की या सगळ्या खान्यांना रात्र अपुरी पडते. हत्तींच्या सोंडा रंगवायच्या, झुली काढायच्या, चांदीचं सामान घासायचं, घोड्यांची आयाळ गुंफायची, चोपदारांच्या पगड्या नव्यानं बांधायच्या. सीमोल्लंघनाची मिरवणूक बघायला आलेल्या गावाला तासाभराचा थाट दिसतो. तुमची पाठ त्यानंतर आठवडाभर दुखते.

आता साल पुढं सरकवा. पाच-सात वर्षं. पागा तीच, खरारा तोच, म्हातारा मोतद्दार आणखी वाकलेला. पण काही हालतंय. राजवाड्याच्या राखणीला फासेपारधी दिसू लागले आहेत. इंग्रजी कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली, गावोगाव संशयानं हाकललेली माणसं, आणि राजानं आपल्या दाराची राखण त्यांच्या हाती दिली आहे. हत्तीवर माहूत म्हणून, गाडीवर कोचमन म्हणून महार-मांगांची माणसं बसू लागली आहेत. हे बारकाईनं बघा. राजाच्या गाडीचा लगाम ज्याच्या हातात, राजाचा जीव त्याच्या हातात. दरबारात कितीही भाषणं केली तरी जे पटलं नसतं, ते रस्त्यानं जाणारी गाडी बघणाऱ्या प्रत्येकाला न बोलता कळत होतं. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. पागेतला मोतद्दार आता पोराला हाताखाली घेण्याआधी विचार करतो. १९१८ साली महार वतनं रद्द झाली, गावकीच्या राबणुकीचा जुना फास सुटू लागला.

आणि अशात महाराज दिल्लीला गेले.

गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकर होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाला ते शिवले. कोल्हापुरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पाण्याला शिवला म्हणून बरोबरच्या नोकरांनी त्यांना मारलं. पाठ फुटेस्तोवर मारलं. पहाटे तुम्ही ज्या हौदाशी उभे होतात, तसाच हा हौद. मारणारे कुणी सरदार-जहागीरदार नव्हते. तेही पहाटे चारला उठणारे, लीद काढणारे, पगाराची वाट बघणारेच होते. ज्या दिवशी राजा नव्हता त्या दिवशी पागेत न लिहिलेल्या कायद्याचं राज्य आलं, आणि ते राबवायला शिपाई लागला नाही.

तुमचं पहाटेचं उत्तर काहीही असो, त्या दिवशी तुम्ही पागेत होता. तुम्ही कुठं उभे होतात?

महाराज परतल्यावर गंगाराम त्यांच्या सोनतळीच्या मुक्कामी गेले आणि पाठ उघडी करून वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना बोलावून घेतलं, स्वतः चाबूक हाती घेतला, असं सांगतात. मला मात्र या गोष्टीतला मोठा भाग चाबूक वाटत नाही. फटके खाल्लेली माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा पागेतच येणार होती, आणि गंगारामही तिथंच. राजा किती दिवस पहारा देणार? महाराजांनी गंगारामांना नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. राजवाड्याची नोकरी म्हणजे त्या काळी मिळणारी सगळ्यात भरवशाची भाकरी. ती सोडायला सांगणं ही शिक्षा वाटली असती. पण सेवक हा सेवकच राहिला तर त्याची पाठ दुसऱ्याच्या हातात राहते, हे त्या राजाला कळलं होतं.

भाऊसिंगजी रोडवर गंगारामांनी हॉटेल टाकलं. नाव ठेवलं सत्यसुधारक हॉटेल. जा, आत बसा. बाकडी रिकामी आहेत. चूल पेटली आहे, चहाला उकळी आली आहे, कपबशा घासूनपुसून ठेवल्या आहेत आणि गिऱ्हाईक नाही. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही त्याच्या हातचा चहा कोण पिणार? रस्त्यावरून माणसं जातात, पाटी वाचतात, पुढं होतात. गंगाराम दारात उभे. सबंध सकाळ.

मग चाकांचा ओळखीचा खडखडाट येतो. गाडी हॉटेलसमोर थांबते, वरून महाराज हाक मारतात आणि चहा मागवतात. भर रस्त्यात, गावाच्या डोळ्यांसमोर. गाडीत बरोबर असलेल्या बड्या मंडळींनाही तोच चहा दिला जातो. त्यांच्या हातांकडं बघा. कप धरावा की नाही, हे ठरवायला त्यांना एक क्षण लागतो, मग ते राजाकडं बघतात आणि घोट घेतात. हे एकदा झालं नाही. पुन्हा पुन्हा झालं. कामाचा कागद घेऊन येणाऱ्यांना आधी गंगारामच्या हॉटेलात चहा पिऊन या असं महाराज सांगत, अशीही आठवण कोल्हापुरात सांगतात. पुढं सोडा वॉटरचं यंत्रही त्यांनी गंगारामांना घेऊन दिलं. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, दवाखाने, शाळा, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या असल्याचे हुकूम संस्थानात निघाले. त्या हुकुमांचं महत्त्व मी कमी करत नाही. पण हुकूम वाचता न येणारी कितीतरी माणसं भाऊसिंगजी रोडवरून रोज जात होती आणि त्यांना राजाच्या हातातला कप दिसत होता.

६ मे १९२२. मुंबईहून बातमी येते की महाराज गेले. वय अवघं सत्तेचाळीस. पागेत जा. आज कुणी कुणाला हुकूम देत नाही, तरी चंदी वेळेवर भरली जाते, कारण घोड्यांना भूक लागतेच. म्हातारा मोतद्दार तोबरा बांधताना मध्येच थांबतो, पुन्हा बांधतो. पुढं त्यांच्या मुलाच्या, राजाराम महाराजांच्या काळात पागेशेजारी मोटारी वाढत गेल्या. १९३६ सालची भगव्या रंगाची मेबॅक आजही दसऱ्याला बाहेर पडते. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि अठरा कारखान्यांतलं जे काही उरलं होतं त्याची गरज संपत गेली. मोतद्दारांची पोरं हळूहळू एसटीत, गिरणीत, शाळेत मास्तर म्हणून लागली, काही पुन्हा शेताकडं वळली. नव्या राजवाड्यात १९७४ पासून संग्रहालय आहे. तिथं हत्यारं, चांदीचं सामान, पेंढा भरलेली जनावरं मांडलेली आहेत. वस्तूंवर मालकाचं नाव आहे. ती वस्तू रोज पुसणाऱ्याचं, त्या जनावराला चारा घालणाऱ्याचं नाव तिथं शोधू नका.

नर्सरी बागेकडे जा. महाराज गेल्यावर काही वर्षांतच तिथं त्यांचं स्मारक उभं राहिलं, राजर्षी शाहूंचं पहिलं स्मारक. ते संस्थाननं बांधलं नाही, सरदारांनी वर्गणी काढली नाही. पुढाकार घेतला गंगाराम कांबळ्यांनी, आणि त्यांच्याबरोबर होता कोल्हापूरचा अस्पृश्य समाज, ज्यानं आपल्या कमाईतून ते उभं केलं. पागेतून मार खाऊन निघालेल्या माणसानं आपल्या समाजाला बरोबर घेऊन राजाचं स्मारक बांधलं.